आतड्यातले विरजण

भुलेश्वरच्या पांजरपोळात किंवा गिरगावातल्या एखाद्या देवळाबाहेर गाईला चारा घालणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. चारा ठीक, पण लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या पाटीभर घातल्या, तर काही तासांनी गाय रवंथ थांबवते, झोकांड्या खाते, बसली तर उठत नाही. पुण्य करायला गेलेल्याला हे कळतही नाही.

गाईच्या पोटातल्या जंतूंना गवत सावकाश आंबवायची सवय असते. एकदम पिष्ट मिळाले की दही लावणाऱ्या जंतूंचे भाईबंद भराभर वाढून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. एरवी ६ ते ७ असणारा तेथला पीएच ५ च्याही खाली उतरतो.

आता माणसाकडे वळू. आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. भात, साखर बहुतेक तेथेच पचून रक्तात जातात. पण आतड्याला पीळ पडला किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर निकामी भाग कापून काढावा लागतो. २ मीटरपेक्षा कमी आतडे उरलेल्या रोग्याने ताटभर भात खाल्ला, की न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात उतरते. तेथे जंतू टपलेलेच असतात! आम्ल वाढले की इतर जंतू मागे पडतात, आणि आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस अधिकच फोफावतात.

तुम्ही म्हणाल, दादरला लोकल पकडायला जिना धावत चढलो तरी स्नायूंत लॅक्टिक आम्ल होतेच की. खरे आहे. पण या आम्लाचे रेणू दोन प्रकारचे असतात, उजव्या आणि डाव्या हातांसारखे. अणू तेच, तितकेच. मात्र एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तसेच आपल्या विकरांचे आहे. स्नायू 'एल' प्रकारचे आम्ल करतात आणि शरीर ते झटपट वापरून टाकते. कित्येक जंतू 'डी' प्रकारही करतात. त्याचा निचरा फार सावकाश होतो. ते रक्तात साठले की रोग्याची जीभ अडखळते, तोल जातो, तो असंबद्ध बोलू लागतो. थेंबभर दारू न घेतलेला माणूस दारुडा ठरतो!

त्यात आणखी एक गोम आहे. लॅक्टिक आम्लाच्या नेहमीच्या तपासणीतले विकर फक्त 'एल' ओळखते. अहवालात दोष दिसत नाही. म्हणून 'डी'ची तपासणी वेगळी सांगावी लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांना आधी संशय यावा लागतो. 'पोटाचे ऑपरेशन झाले होते का? आज काय जेवलात?' हे दोन प्रश्न येथे मोलाचे.

परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९२६ सालचे के. ई. एम. रुग्णालय यांत चालत जाण्याइतकेच अंतर आहे. ज्ञानाला मात्र वेळ लागला. गुरांतला हा 'डी' आम्लाचा विकार १९६५ पर्यंत शास्त्रज्ञांना ठाऊक झाला होता. माणसातला पहिला रोगी अमेरिकेत मान ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली नोंदवला.

उपचारात पिष्ट आणि साखर बंद करतात, शिरेतून सलाइन व बायकार्बोनेट देतात, जंतूंना आवरणारी प्रतिजैविके पोटात देतात. शक्ती येईल म्हणून घरच्यांनी प्रेमाने दिलेली दही-साखर अशा वेळी नको. गाईला पशुवैद्य खायचा सोडा पाजतात, आणि कधी निरोगी गाईच्या पोटातला रस काढून तोही पाजतात, म्हणजे चांगल्या जंतूंचे नवे विरजण लागते.