पगार किती, हातात किती?

मंडणगड तालुक्यातील पती-पत्नींनो,

नुसत्या भात-नाचणीवर वर्ष निघत नाही, म्हणून आपल्याकडे घरटी कुणीतरी नोकरीला असतं. कोणी मुंबईला, कोणी महाडच्या नाहीतर लोट्याच्या कारखान्यात. पगार सांगतात सोळा हजार, घरात येतात चौदा. मग प्रश्न येतो, "बाकीचे गेले कुठे?" संशय वाढतो, भांडण होते. यावर उपाय एकच : पगारपावती दोघांनी मिळून वाचा.

काय कापले जाते?

समजा, एकूण पगार १६,००० रुपये. त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता १२,००० रुपये.

१. भविष्य निर्वाह निधी (पी. एफ.) : १२,००० वर १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये.
२. कामगार विमा (ई. एस. आय.), जेथे लागू आहे तेथे : १६,००० वर पाऊण टक्का, म्हणजे १२० रुपये.
३. व्यवसाय कर : २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर एप्रिल २०२३ पासून माफ आहे.

एकूण कपात १,७६०. हातात १४,२४० रुपये.

हे पैसे बुडाले का?

नाही. कर तेवढा सरकारजमा होतो. पी. एफ. तुमचाच आहे. मालकही १,४४० भरतो. त्यातले सुमारे १,००० पेन्शनच्या खात्यात आणि ४४० तुमच्या पी. एफ. मध्ये जातात. म्हणजे तुमच्या नावावर महिन्याला १,८८० व वर्षाला २२,५६० रुपये साठतात, शिवाय व्याज. मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

कामगार विम्यात मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून कुटुंबाला औषधोपचार मिळतात. विमा असलेल्या स्त्री कामगाराला, अटी पूर्ण असल्यास, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांचा पगार मिळतो.

तीन गोष्टी सांभाळा

* कापलेला पी. एफ. खात्यात भरला का, हे पासबुकात पाहा. ठेकेदाराकडे काम असेल तर अवश्य पाहा.
* नोकरी बदलली तरी खाते क्रमांक (यू. ए. एन.) तोच ठेवा. दर वेळी पैसे काढून घेतले तर पेन्शनला लागणारी दहा वर्षे भरणार कशी?
* वारस म्हणून जोडीदाराचे नाव लावले आहे ना? आजच विचारा.

आता घरचा हिशेब

खर्च नेहमी हातातल्या पैशांवर बेतावा, सांगितलेल्या पगारावर नव्हे. नमुना पाहा :

किराणा, दूध, भाजी, मासळी – ५,५००
भाडे, वीज, गॅस – ३,२००
प्रवास व फोन – १,४००
मुलांची शाळा – १,०००
औषधपाणी – ६००
गणपती व शिमगा – १,०००
बचत – १,२००
किरकोळ – ३४०
एकूण – १४,२४०

तुमचे आकडे वेगळे असतील. रीत हीच ठेवा. गणपती दरवर्षी येतात, तरी भाद्रपद लागला की उचल घ्यावी लागते! महिन्याला हजार बाजूला टाकले तर वर्षाचे बारा हजार होतात. एस. टी. चे भाडे, मखर, सामान, सगळे त्यातच बसवावे. मग पुढचे चार महिने कर्ज फेडण्यात जात नाहीत. बचतीचे पैसे मात्र पगाराच्या दिवशीच पोस्टात किंवा बँकेत टाका. महिनाअखेर काही उरत नसतं.

जो गावाबाहेर कमावतो त्याने पावती घरी दाखवावी. जी घर चालवते तिने वही दाखवावी. मूल केव्हा हवे, शाळा कुठली, छप्पर कधी शाकारायचे, हे सारे ती वही समोर ठेवून दोघांनी ठरवावे. हिशेब उघडा असला की संशयाला जागा राहत नाही.

येत्या पगाराला पावती मागून घ्या. दोघे बसा आणि वाचा.