मोल्या प्रतिकारकतेचे गुणोत्तर आणि काय-वर्ग चाचणी

जयपूर येथील दुर्गापुऱ्याच्या राजस्थान कृषी संशोधन संस्थेत सातू व गव्हाचे वाण विकसित करताना मोल्या रोगाचा विचार टाळता येत नाही. हा रोग हेटेरोडेरा अव्हेनी या सूत्रकृमीमुळे होतो. राजस्थानात त्याची प्रथम नोंद १९५८ मध्ये सीकर जिल्ह्यात झाली. मुळांवर पांढऱ्या गाठी दिसल्या की झाड रोगास बळी पडणारे, अन्यथा प्रतिकारक. अशी मोजणी गृहीत गुणोत्तराशी जुळते का, हे कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेल्या काय-वर्ग चाचणीने ठरविता येते.

समजा, संकराच्या दुसऱ्या पिढीतील १६० झाडांपैकी १३२ प्रतिकारक व २८ बळी पडणारी आढळली. प्रतिकारकता एका प्रभावी जनुकावर अवलंबून असल्यास ३:१ प्रमाणे १२० व ४० झाडे अपेक्षित. प्रत्येक गटातील फरकाचा वर्ग अपेक्षित संख्येने भागून बेरीज करावी: १४४/१२० + १४४/४० = ४.८. एका स्वातंत्र्य मात्रेसाठी ५ टक्के सार्थकता पातळीवरील मूल्य ३.८४ असल्याने ३:१ चे गृहीतक त्याज्य ठरते. १३:३ या दोन जनुकांच्या गुणोत्तराने मात्र १३० व ३० झाडे अपेक्षित असून काय-वर्ग केवळ ०.१६ येतो.

येथेच घाई होते. कुंडीतील मातीत सूत्रकृमी सर्वत्र सारखे नसल्यास बळी पडणारी काही झाडे संसर्गातून निसटतात व प्रतिकारक गणली जातात; आकडे तेव्हाही असेच दिसतात. चाचणी तफावत दाखविते, तिचे कारण सांगत नाही. निर्णय पुढील पिढीने होतो. एकाच जनुकाचा प्रभाव असल्यास बळी पडलेल्या झाडांची संतती सर्वस्वी बळी पडणारी निघेल. १३:३ असल्यास अशा झाडांपैकी सुमारे दोन तृतीयांशांच्या संततीत चौथा हिस्सा प्रतिकारक असेल. चुकीचे गृहीतक धरून निवड केल्यास पैदासकाराचे अनेक हंगाम वाया जातात. शिवाय केवळ ४० झाडे तपासून ३३ व ७ आढळली, तर काय-वर्ग ३:१ साठी १.२० व १३:३ साठी ०.०४ येतो, दोन्ही गुणोत्तरे मान्य होतात, म्हणजे काहीच ठरत नाही.

स्वातंत्र्याच्या चाचणीत अपेक्षित संख्या बाहेरून येत नाही, ती कोष्टकातूनच काढावी लागते. समजा, सातत्याने सातू-गहू घेतलेल्या ६० शेतांपैकी ३६ व मोहरी-हरभऱ्याची फेरपालट केलेल्या ६० पैकी १८ शेते रोगग्रस्त आढळली. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण या सूत्राने प्रत्येक गटात २७ रोगग्रस्त व ३३ निरोगी शेते अपेक्षित, काय-वर्ग १०.९१, स्वातंत्र्य मात्रा १. पीकपद्धती व रोग परस्परांपासून स्वतंत्र नाहीत.

गणनेचे एकक मात्र शेत हेच असावे. एकाच शेतातील पन्नास झाडे ही पन्नास स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत, आणि टक्केवारी या सूत्रात घालणे तर सर्वथा वर्ज्य.