वेग वाढवला, संगणक का अडखळला?

विद्यार्थी मित्रांनो, प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए यासाठी गाजला. त्याचा गुणक ४.५ होता, बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ होत. मात्र प्रत्येक नगाला ते झेपत नसे.

वेग वाढवल्यावर संगणक मध्येच बंद पडू लागला, तर आपण काय करू? आधी बायोसमध्ये सर्व मूळ मूल्ये आणू. तरीही बिघाड राहिला, तर धूळ, पंखा, वीजपुरवठा तपासू. बिघाड थांबला, तर एका वेळी एकच बदल करू. दोन बदल एकदम केले, तर चोर सापडत नाही. प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ ने मेमरी आणि प्राइम९५ ने प्रोसेसर काही तास तपासू.

व्होल्टेज वाढवणे हा शेवटचा उपाय. उष्णता वेगाच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्के वाढवले, तर १.१ × १.१ × १.१ = १.३३, म्हणजे उष्णता सुमारे एक तृतीयांशाने जास्त. सुरंगीत मे महिन्यात खोलीच तापलेली असते. जानेवारीत टिकलेला वेग तेव्हा टिकेलच असे नाही.

पालकांनो, बंद पडणारा संगणक निदान कळवतो तरी. चुकणारी मेमरी न कळवता फाइल बिघडवते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी प्रकल्पाची प्रत पेनड्राइव्हवर, मग प्रयोग. घरचा हिशेब ज्या संगणकावर आहे, त्यावर प्रयोग नकोच.