सैल करणाऱ्या औषधानं ताठरता?

प्रश्न : वय ५२, दहा वर्षांपासून मधुमेह. ताठरतेच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी लिंगात घ्यायचं इंजेक्शन सुचवलं. त्यात स्नायू सैल करणारं औषध असतं म्हणे. सैल करून ताठरता येईल कशी?
– एक वाचक, महागाव (जि. यवतमाळ)

उत्तर : शंका रास्त आहे. ताठरपणा म्हटला की आपल्याला दंडाची बेटकुळी आठवते. इथे मामला उलटा. लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांतले बारीक स्नायू आवळलेले असतात आणि रक्त जेमतेम पोचतं. ते सैलावले की रक्त आत लोटतं आणि फुगलेला स्पंज परतीच्या शिरा दाबून धरतो. पाटाचं दार उघडलं की वावर भरतं, तसं. मात्र बांध फुटका असेल, म्हणजे शिरा नीट दबतच नसतील, तर इंजेक्शनही फारसं टिकत नाही. (कंबरदुखीवरची स्नायू सैल करणारी गोळी निराळी, तिचा इथे काडीचा उपयोग नाही.)

मग गोळी का फसली? सिल्डेनाफिलसारखी गोळी मज्जातंतूंकडून आलेला निरोप फक्त टिकवते. जुन्या मधुमेहात हे तंतूच थकलेले असतात. निरोपच आला नाही तर ती टिकवणार काय? इंजेक्शन निरोपाची वाट बघत नाही.

हा उपाय योगायोगानं सापडला. फ्रान्सचे शल्यविशारद रोनाल्ड विराग यांना एका शस्त्रक्रियेत पापावेरीन टोचल्यावर हा परिणाम दिसला. १९८२ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पापावेरीन अफूच्या चिकात असतं, म्हणजे आपल्या खसखशीच्याच झाडात. पुढच्या वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास वेगासच्या परिषदेत स्वतःला टोचून घेऊन भर सभेत पुरावाच दाखवला! आज अल्प्रोस्टॅडिल, किंवा त्यासोबत पापावेरीन आणि फेंटोलामाइन यांचं मिश्रण वापरतात.

आता विदर्भातल्या माणसानं आधी विचारायची गोष्ट : सिकलसेल. आपल्याकडे आढळणाऱ्या या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि अडकलेलं रक्त बाहेर पडत नाही. रुग्णालाच नव्हे, नुसत्या वाहकालाही अल्प्रोस्टॅडिल वर्ज्य आहे. वाहकाला सहसा आयुष्यभर काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीचा रोख चाळिशीपर्यंतच्या लोकांवर आहे. तुमची पिढी त्यातून सुटते. तेव्हा आधी रक्त तपासून घ्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हृदयाची तपासणीही करून घ्या. तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसू लागल्याची खूण कधीकधी आधी इथे दिसते.

पहिला डोस दवाखान्यातच, अगदी थोडा. सुई इन्सुलिनसारखी बारीक. ती बाजूनं टोचायची, वर-खाली नाही. पाच ते वीस मिनिटांत परिणाम दिसतो, साधारण तासभर राहतो. दोन इंजेक्शनांत किमान २४ तास, आठवड्यात तीनाहून जास्त नाहीत. दर वेळी बाजू बदलायची, नाहीतर आत गाठी होतात. बसस्थानकाजवळच्या तंबूतली पुडी सोबत मुळीच नको. अशा चूर्णांत सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे.

ताठरता चार तासांवर टिकली तर लाजत बसू नका. साठलेलं रक्त सुईनं काढावं लागतं, उशीर झाला तर आतला स्पंज कायमचा निकामी होतो. महागावहून रात्री यवतमाळ किंवा नांदेड गाठायचं म्हणजे वेळ जाणारच; म्हणून गाडी कुणाची मिळेल ते आधीच ठरवा, आणि बायकोला सगळं सांगून ठेवा.