आभासी वास्तवाचा पाठ आणि विद्यार्थ्याचे शरीर

बाक उंच झाला, तर मुलाचे पाय लोंबकळतात व अक्षर बिघडते. दोष मुलाचा नसून बाकाचा असतो. साधन माणसाच्या बेताचे आहे किंवा नाही हे पाहणाऱ्या शास्त्रास एर्गोनॉमिक्स म्हणतात. आभासी वास्तवाच्या साधनासही हीच कसोटी लावावयास हवी.

डोक्यास हेडसेट बांधला, की डोळ्यांपुढे किल्ला, समुद्रतळ वा ग्रहमाला उभी राहते. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी सिद्ध केलेले असे उपकरण छतास टांगावे लागे. आजच्या हेडसेटचे वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते. परंतु तो भार चेहऱ्यापुढे येतो व मुलाची मान कोवळी असते. प्रौढांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, मुलांचे त्याहून कमी. भिंगे तितकी जवळ न आल्यास चित्र अंधुक दिसते व डोळे शिणतात.

मळमळीचे कारण निराळे आहे. घाटातील गाडीत शरीरास वळणे जाणवतात, पण पुस्तकात खिळलेल्या डोळ्यांस ती दिसत नाहीत. हेडसेटमध्ये याच्या उलट घडते : डोळे धावतात, शरीर स्थिर असते. या विसंवादाने जीव घाबरा होतो.

हा त्रास मोजावा कसा? १९९३ साली रॉबर्ट केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानचालनाच्या अनुकरण-यंत्रांसाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशी १६ लक्षणे असून प्रत्येकास ० ते ३ असे गुण दिले जातात. आभासी वास्तवाच्या परीक्षणातही ती वापरली जाते. ती प्रौढांसाठी रचलेली असली, तरी तिचे तत्त्व शाळेस उपयोगी आहे : त्रास ज्यास होतो, त्यासच विचारावे.

शिक्षकाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. उत्पादकाने सांगितलेली वयोमर्यादा पाळावी.
२. पाठापूर्वी डोके, डोळे व पोट यांविषयी विचारून नोंद करावी. उपाशी वा आजारी मुलास त्या दिवशी हेडसेट देऊ नये.
३. मुलास बसवूनच पाठ द्यावा; आरंभी तो काही मिनिटांचाच असावा.
४. पाठानंतर तेच प्रश्न पुन्हा विचारावेत व दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात.

पुन्हा पाळी मिळणार नाही, या भीतीने पुष्कळ मुले त्रास लपवितात. यास्तव हेडसेट काढून ठेवणाऱ्या मुलास भित्रा म्हणू नये. त्याने यंत्राचे उणे दाखविले, असेच समजावे.