बाजारपेठ हाच पाठ : दुकाने का बदलतात?

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, अशी विद्यार्थ्यांची समजूत होऊन बसते. ती दूर करण्याचे काम पाठ्यपुस्तकापेक्षा शिक्षकच अधिक चांगले करू शकतो. आपल्या खेड्यातील मूल अधूनमधून वडीलधाऱ्यांबरोबर तालुक्याच्या बाजारपेठेत जाते. तेथे ते खाऊ घेते, वह्या घेते, पाट्या वाचते. परंतु ज्या दुकानात आपण उभे आहोत तेथे आजोबांच्या लहानपणी काय विकले जात होते, हे त्यास ठाऊक नसते. विचारावे असेही सुचत नाही. बदलाची कारणे शोधावयास लावणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे मर्म होय, आणि त्यासाठी बाजारपेठेइतके जवळचे व बिनखर्चाचे साधन दुसरे नाही. इयत्ता चौथी व त्यापुढील वर्गांसाठी हा पाठ कसा घ्यावा, याची दिशा प्रस्तुत लेखात दाखविली आहे.

प्रथम शिक्षकाने स्वतःच्या मनाशी एक गोष्ट पक्की करावी. दुकान बदलते ते दुकानदाराच्या लहरीने क्वचितच. बहुधा त्यामागे पाचांपैकी एखादे कारण असते : वाट बदलते, माप बदलते, वस्तू ज्या पदार्थाची होते तो पदार्थ बदलतो, कायदा बदलतो, किंवा आपत्ती कोसळते. ही कारणे आपल्याच जिल्ह्यातील चिपळूणचे उदाहरण पुढे ठेवून पाहू.

१. वाट

चिपळूण वाशिष्ठी नदीच्या काठी वसले आहे. पूर्वी दाभोळच्या खाडीतून होड्या व पडाव भरतीच्या पाण्याबरोबर गोवळकोट बंदरापर्यंत येत, आणि पूर्वेकडून कुंभार्ली घाट उतरून देशावरचे बैल व गाड्या येत. पाण्याची वाट व घाटाची वाट जेथे भेटल्या तेथे पेठ उभी राहिली. गाडीवानाला मुक्काम हवा, बैलाला पेंड हवी, व्यापाऱ्याला वखार हवी. त्या गरजांतून दुकाने निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घाटावर पुणे–मिरज लोहमार्ग झाला, तेव्हा देशावरचा बराच माल खाली न उतरता आगगाडीने जाऊ लागला. पुढे मोटारीचे रस्ते झाले, १९४८ पासून राज्यात एस.टी. सुरू झाली, आणि किनाऱ्यावरील आगबोटींची वाहतूक कालांतराने थांबली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. आता तर माल पेठेत न येता पुडक्यातून थेट घराच्या पडवीत येऊन पडतो. हीही एक नवी वाटच होय.

विद्यार्थ्यांच्या मनावर नियम एवढाच बिंबवावा : गिऱ्हाईक जेथे उतरते तिकडे दुकान सरकते.

२. माप

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होत; पण सव्वासहाचे नाणे नसल्यामुळे ते सहाच धरीत. चार आण्यांचे मात्र बरोबर पंचवीस होत. एका आण्याची पेन्सिल एकेक करून चार वेळा विकली तर दुकानदारास चोवीस नवे पैसे मिळत, आणि चारही एकदम विकल्या तर पंचवीस. हे उदाहरण गणिताच्या तासास अवश्य घालावे. त्यापाठोपाठ १९५८ पासून १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने शेर व मण जाऊन किलोग्रॅम आला. पायली, अधोली, मापटे, चिपटे ही मापे दुकानातून उठून माळ्यावर गेली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणून शेर व किलो एकच असे समजणाऱ्या गिऱ्हाइकाची व दुकानदाराची त्या काळी किती हुज्जत होत असेल, याची कल्पना विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.

पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. २०१६ नंतर तर पैसे भ्रमणध्वनीवरून देण्याची रीत हळूहळू भाजीवाल्याच्या टोपलीपर्यंत पोहोचली. गल्ल्यातील सुट्या पैशांचा खुळखुळाट कमी झाला, हाही इतिहासच आहे.

३. पदार्थ

तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथिलाची कल्हई लागते. स्टीलच्या भांड्यास ती लागत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टील घरोघर आले, आणि भांडी घडविणारा तांबट, विकणारा कासार व कल्हई करणारा कारागीर या तिघांच्याही पोटावर त्याचा परिणाम झाला. एका पदार्थाने तीन धंदे कसे हलविले, हे फळ्यावर आकृती काढून दाखवावे. याच रीतीने तयार कपड्यांनी शिंप्याचे, व भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याने छायाचित्रकाराचे दुकान कसे बदलले, हे मुले स्वतः सांगू शकतील.

४. कायदा

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले व चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास बंदी आली. देशभर अनेक सोनारांचे काम थांबले. १९६६ मध्ये ही अट शिथिल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत निर्बंध राहिले. अलीकडचे उदाहरण म्हणजे १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर. त्याने दुकानदाराच्या हिशेबाची पद्धत बदलली.

५. आपत्ती

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर चिपळूणच्या बाजारपेठेत शिरला. दुकानांतील माल गेला, आणि त्याबरोबर अनेकांच्या रोजकिर्दी व खतावण्याही भिजून गेल्या. माल पुन्हा भरता येतो, पण जुनी वही पुन्हा लिहिता येत नाही. अशा ठिकाणी पेठेचा इतिहास आता माणसांच्या आठवणीतच उरतो. १९५७ साली पंधरा-वीस वर्षांचे असलेले लोक आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. यास्तव हा पाठ पुढील वर्षावर टाकू नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

प्रत्यक्ष कार्य

पहिल्या तासास प्रत्येक गटाने पेठेतील दहा दुकानांचा तक्ता आखावा. त्यात चार रकाने असावेत : आज काय आहे, पूर्वी काय होते, बदल केव्हा झाला, कारण कोणते. पहिला रकाना मुले पाट्या वाचून भरतील. उरलेले तीन विचारल्यावाचून भरता येणार नाहीत.

दुसरा टप्पा भेटीचा. दुकानदाराची परवानगी आधी घ्यावी व गर्दीची वेळ टाळावी. बाजाराच्या दिवशी जाऊ नये. मुलांनी नमस्कार करून, “आजोबा, तुमच्या दुकानाला पूर्वी फळ्या होत्या का? त्या कशा लावीत?” अशा सोप्या प्रश्नाने आरंभ करावा. क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या ओळीने बसवून दुकान बंद करण्याची रीत सांगताना वृद्ध माणसे आपोआप बोलती होतात. नफा-तोटा व कर्ज यांविषयी प्रश्न विचारू नयेत.

तिसऱ्या तासास कारणांचा शोध घ्यावा. शिक्षकाने उत्तर सांगू नये. ते काढून घ्यावे. उदाहरणार्थ :

शिक्षक : कल्हईवाला आता गावात का येत नाही?

विद्यार्थी : तो म्हातारा झाला असेल, गुरुजी.

शिक्षक : मग त्याच्या मुलाने तो धंदा का केला नाही?

विद्यार्थी : त्यात पैसे मिळत नसतील.

शिक्षक : का मिळत नसतील? आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातील भांडी मोजा. पितळेची किती व स्टीलची किती, ते उद्या सांगा.

दुसऱ्या दिवशी एखादा विद्यार्थी सांगेल, “गुरुजी, पितळेची दोनच निघाली, आणि ती दोन्ही देवघरात आहेत.” येथे पाठ पूर्ण झाला. कारण त्याने स्वतः मोजून मिळविले आहे, आणि ते तो विसरणार नाही.

एक खबरदारी

वर्गात अशी मुले असतात, ज्यांच्या घरचे दुकान बंद पडले आहे, किंवा ज्यांच्या वडिलांनी ऐरण सोडून मुंबईची नोकरी धरली आहे. “ते दुकान बुडाले” असा शब्द वर्गात उच्चारला गेला की त्या मुलाची मान खाली जाते. शिक्षकाने तो शब्द कटाक्षाने टाळावा व इतरांनाही टाळावयास लावावे. जे दुकान घाटाची वाट बदलल्याने उठले, ते मालकाच्या आळसाने उठले नाही. जो सोनार १९६३ मध्ये रिकामा बसला, त्याच्या हातातील कसब त्या दिवशी नाहीसे झाले नव्हते. आपल्या वडिलांचे कष्ट कमी पडले नाहीत, काळाचा ओघ बदलला, हे ज्या मुलास शाळेत उमगेल ते ताठ मानेने घरी जाईल, आणि एखादे वेळी वडिलांनाच जुन्या हत्यारांची नावे विचारील. ती नावे वहीत उतरवून घ्यावीत. जमल्यास ती हत्यारे एक दिवस वर्गात मांडून त्याच वडिलांना माहिती देण्यासाठी सन्मानाने बोलवावे.

याच्या उलट चूकही होऊ देऊ नये. जुने ते सारे चांगले व नवे ते सारे वाईट, असा निष्कर्ष मुलांच्या माथी मारू नये. वारंवार कल्हईची गरज नसलेल्या भांड्याने गृहिणीचा खर्च वाचला, आणि सर्वत्र एकच किलो झाल्याने गावोगावच्या निरनिराळ्या मापांत होणारी गरिबाची फसवणूक कमी झाली. काय गेले व काय मिळाले, अशा दोन बाजू फळ्यावर मांडाव्यात व तोलण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे.

भरलेले तक्ते शाळेच्या दप्तरी जपून ठेवावेत व त्यांवर वर्ष घालावे. दहा वर्षांनी याच शाळेतील मुले त्याच दहा दुकानांपुढे उभी राहतील, तेव्हा “पूर्वी काय होते” हा रकाना भरण्यासाठी त्यांना आजच्या मुलांचे अक्षर सापडले पाहिजे.