घासून होणारी जखम : पुरुषांनो, लाज सोडा, काळजी घ्या



बाईच्या आजारांबद्दल आपल्या वस्तीत आता थोडेफार बोलले जाते. पुरुषाच्या नाजूक जागेबद्दल मात्र घरात कुणी बोलत नाही. तपासणीसाठी आम्ही वस्तीत बसतो तेव्हा पुरुष सर्दी-खोकला, पाठदुखी सांगतात. जांघेत सोलवटले आहे, लिंगाच्या कातडीला चिरा पडल्या आहेत, हे सगळे उठून गेल्यावर हळूच सांगतात. तोवर मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन ट्यूब संपलेल्या असतात. घासून झालेली जखम मूळची छोटीच असते. लपवल्याने आणि चुकीच्या मलमाने ती मोठी होते.

काच का पडतो?

जांघेची, अंडकोषाची आणि लिंगाची कातडी पातळ असते. घामाने ती ओली राहिली की मऊ पडते आणि कपड्याला किंवा दुसऱ्या मांडीला घासून सोलवटते. हमाली करणारे, बांधकामावर ओझे वाहणारे, दिवसभर रिक्षा चालवणारे, ओल्या कपड्यांत काम करणारे सफाई कामगार यांना हा त्रास जास्त होतो. तो अस्वच्छतेमुळेच होतो असे नाही. बऱ्याचदा तो कामामुळे होतो. म्हणून त्यात लाजण्यासारखे काही नाही.

उपाय साधे आहेत. नायलॉनची घट्ट चड्डी टाळावी. सुती, मांडीपर्यंत येणारी चड्डी वापरावी म्हणजे मांडीला मांडी घासत नाही. कामावर जाताना एक कोरडी चड्डी सोबत न्यावी आणि दुपारी बदलावी. कामाला लागण्यापूर्वी मांडीच्या आतल्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. पावडर भसाभस लावू नये, घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. पावसाळ्यात चड्डी घरात दमट राहते. ती इस्त्री फिरवून कोरडी करावी, मगच घालावी.

धुण्याची पद्धत

नळाला पाणी कमी असले तरी यासाठी एक तांब्या पाणी पुरते. रोज आंघोळीच्या वेळी पुढची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्यावी, साध्या पाण्याने धुवावे, टिपून कोरडे करावे आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. आत साबण चोळू नये. डेटॉल तर मुळीच लावू नये, त्याने कातडी भाजते. टॉवेलने खसाखसा पुसू नये.

कातडी मागे घेतली आणि पुढे येईना, टोक सुजू लागले, तर थांबू नका. टोकाचा रक्तपुरवठा अडतो. सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच वेळी सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा.

आयांना एक सांगणे आहे. लहान मुलाची ही कातडी जन्मतः टोकाला चिकटलेली असते. ती वयानुसार आपोआप सुटते, काही मुलांची वयात येईपर्यंतही. आंघोळ घालताना ती जोर लावून मागे ओढू नका. चिरा पडतात आणि त्या भरताना कातडी आखडते. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगत असेल, मूल रडत असेल किंवा तिथे पू दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

संबंधाच्या वेळी

कोरडेपणात संबंध आला की दोघांनाही इजा होते. बाईची इच्छा नसणे, घाई, बाळंतपणानंतरचे महिने, पाळी जाण्याचे वय, अशी कोरडेपणाची कारणे असतात. तेव्हा थांबावे, एकमेकांना विचारावे. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरावी. निरोधसोबत तेल किंवा व्हॅसलिन लावू नये, रबर कमजोर होऊन फाटते. एकावर एक दोन निरोध चढवू नयेत, तेही एकमेकांना घासून फाटतात.

टोकाखालची बारीक शीर ताणून फाटली तर रक्त पाहून माणूस घाबरतो. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सतत दाबून धरावे. रक्त थांबले नाही तर दवाखान्यात जावे. जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध ठेवू नये. फाटलेल्या कातडीतून एचआयव्ही आणि गरमीसारखे आजार सहज शिरतात.

तरुण मुलांसाठी : हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, धातू जाऊन माणूस खंगत नाही. भिंतीवरच्या जाहिराती वाचून पैसे घालवू नका. कोरड्या हाताने जोरात घासल्याने कातडी मात्र सोलवटते आणि सुजते. तसे झाले तर काही दिवस थांबा, ती भरून येते.

ट्यूबचा धोका

काच पडला तर आग होते, आणि जागा कोरडी ठेवून विश्रांती दिली की दोन-तीन दिवसांत उतार पडतो. नायट्याला खाज जास्त असते, त्याची कड उठावदार असते आणि तो गोल पसरत जातो. नायटा एका घरात टॉवेल आणि कपड्यांतून सगळ्यांना होतो, म्हणून प्रत्येकाचा टॉवेल वेगळा हवा.

मेडिकलमधली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब स्वतःहून लावू नका. तिच्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत वाढत राहते आणि कातडी कागदासारखी पातळ होते. मग थोडे घासले तरी ती फाटते.

साखर तपासा

पुढच्या कातडीला पुन्हा पुन्हा चिरा पडतात, पांढरा थर येतो, कातडी मागे जाईनाशी होते, अशा वेळी नुसते मलम पुरत नाही. हे मधुमेहाचे पहिले लक्षण असू शकते. लघवीतून साखर जाते आणि तिथे बुरशी वाढते. रक्ततपासणी करून घ्या. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्या. एका छोट्या चिरेने वेळेवर इशारा दिला तर पुढे डोळे, किडनी आणि पाय वाचतात.

दुखत नसलेली जखम, पाण्याचे फोड, जांघेत गाठ, पू, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, यांपैकी काहीही दिसले तर ते घासल्याचे समजून बसू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगासाठी सुरक्षा क्लिनिक असते. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. १०९७ या मोफत क्रमांकावरही विचारता येते. जोडीदारालाही सोबत न्या, एकट्याच्या औषधाने आजार परत येतो.

भगिनींनो, घरातला माणूस पाय फाकवून चालत असेल तर हसू नका, विचारा. बंधूंनो, विचारले तर खरे सांगा. एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून दवाखाना टाळला, तर पुढे पंधरा दिवसांची बुडते.